विक्रीला कधीच न आलेल्या वेगवान प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेल्या नमुना) गाड्यांवरचा खर्च वाया जातो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: अशा गाड्या कोणत्या, आणि कंपन्या इतका पैसा ओतून त्या मध्येच का सोडून देतात. शेवटी तुम्ही लिहिलंय की हा सगळा पैसा मातीत गेला. या शेवटच्या वाक्याशी माझं पटत नाही. त्याचं कारण आमच्या घरापुढच्या लिंबाखाली पंधरा वर्षं उभं राहत होतं.

बाबा दिग्रस-पुसद रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे. बजाज टेम्पोची ट्रॅक्स. बाजाराच्या दिवशी आत चौदा माणसं, टपावर गाठोडी, मागच्या पायरीवर लटकलेले तीन-चार जण. इंजिन मर्सिडीजचं, परवाना घेऊन भारतात बनवलेलं: ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर डिझेल. बाबा प्रत्येक नव्या सवारीला सांगायचे, "मर्सिडीजचं इंजिन हाय बावा, मरत नाई हे." मी लहान होतो, मला ती बढाई वाटायची.

आता अशा गाड्यांतली माझ्या मते सर्वांत मोठी, मर्सिडीज सी-१११. ती १९६९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली. वर उघडणारी दारं, फायबरची बॉडी, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि तेही पिस्टनचं नाही तर वांकेल, म्हणजे फिरत्या रोटरचं. तीन रोटर, २८० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी चार रोटर आणि ३५० अश्वशक्ती, वेग ताशी ३०० किमीच्या आसपास. लोकांनी रकमेची जागा कोरी ठेवून चेक पाठवले होते. कंपनीने एकही गाडी विकली नाही. वांकेल इंजिन पेट्रोल फार पीत होतं, धुराचे नियम कडक होत चालले होते, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या इंजिनाला भविष्यच उरलं नाही.

खरी गंमत यापुढे आहे. गाडी कोपऱ्यात धूळ खात ठेवण्याऐवजी त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी डिझेल कार म्हणजे टॅक्सीवाल्यांची, रडतखडत चालणारी. इंजिन होतं ओएम ६१७, पाच सिलिंडर, ३ लिटर. विक्रीच्या कारमध्ये ते ८० अश्वशक्ती द्यायचं. टर्बो आणि इंटरकूलर (ते काय, पुढे सांगतो) जोडून त्यातून १९० काढली. जून १९७६ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या १२.६ किमीच्या गोल रिंगणात चार ड्रायव्हरांनी पाळीपाळीने ही गाडी ६० तास पळवली. सरासरी वेग ताशी २५२ किमी, आणि १६ जागतिक विक्रम. त्यातले तीन तर डिझेलपुरते नव्हते, कोणत्याही इंजिनाच्या गाड्यांमधले होते.

चाकणला नोकरीत असताना एकदा जेवणाच्या सुट्टीत मी या दोन इंजिनांची मापं शेजारी मांडून पाहिली. ओएम ६१६ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, जवळपास ९१ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९२.४. ओएम ६१७ चेही तेच. एका सिलिंडरमागे साधारण ६०० सीसी दोन्हीकडे. म्हणजे नार्दोत विक्रम करणारं इंजिन हे आमच्या ट्रॅक्सच्या इंजिनाचा सख्खा भाऊ, एक सिलिंडर जास्त असलेला. मला त्या दिवशी डबा गोड लागला.

टर्बो करतो काय, हे सोप्यात सांगतो. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एका छोट्या पंख्यावर सोडायचा. त्या पंख्याच्या दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, तर डिझेलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये ती थंड करणारा इंटरकूलर. ट्रकमध्ये हे आधीपासून होतं. पण डिझेल कारचं इंजिन एवढा दाब आणि उष्णता तासन्‌तास सोसेल का, याचं उत्तर अशा चाचण्यांतून मिळालं. १९७८ मध्ये मर्सिडीजने ३०० एसडी विकायला काढली, टर्बो डिझेल असलेली पहिली कार, आणि तिच्यात हेच पाच सिलिंडरचं घराणं होतं. आज माझ्या वर्कशॉपात येणाऱ्या जवळपास प्रत्येक डिझेल गाडीला टर्बो असतो.

आमच्याकडे शंकरपट बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तळेगाव दशासरच्या पटात पळणारा बैल कुणी नांगराला जुंपत नाही, पण त्याचं वासरू मागायला लोक दहा गावं ओलांडून येतात.

भारताशी जवळची दोन नावं सांगतो. पहिलं टाटा रेसमो, २०१७ चं जिनिव्हा प्रदर्शन. १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन मागच्या बाजूला, १९० अश्वशक्ती, शून्यावरून शंभरला सहा सेकंदांच्या आत. टाटाच्या छोट्या गाड्यांतल्याच रेव्होट्रॉन घराण्यातलं इंजिन, म्हणून मला तिच्याबद्दल फार आशा होती. पण कंपनी तेव्हा खर्चाला कात्री लावत होती आणि रेसमो बाजूला पडली. याचं वाईट मला अजून वाटतं. ती किती खपली असती हा प्रश्न आहेच, तरी वाटतं.

दुसरी जॅग्वार सी-एक्स ७५. जॅग्वार २००८ पासून टाटांकडे आहे. २०१० मध्ये पॅरिसला दाखवलेल्या गाडीत चार चाकांना चार मोटर आणि बॅटरी भरायला दोन छोट्या गॅस टर्बाइन होत्या, मिनिटाला ८०,००० फेरे घेणाऱ्या. फॉर्म्युला वन शर्यतींतल्या विल्यम्स कंपनीसोबत प्रत्यक्ष गाडी बनवायला घेतली तेव्हा टर्बाइन काढून १.६ लिटरचं इंजिन आलं, टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही लावलेलं, ५०० अश्वशक्तीच्या घरात. २५० गाड्या विकायच्या होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये जागतिक मंदीचं कारण देऊन काम थांबवलं. तोवर प्रोटोटाइप धावत होते. याच वळणावर यामाहाची ओएक्स ९९-११ ही गेली, जपानचा आर्थिक फुगा फुटल्यावर. फोक्सवॅगनच्या डब्ल्यू-१२ ने २००१ मध्ये त्याच नार्दोत २४ तास सरासरी २९५ किमी वेग राखला. गाडी आली नाही, पण तसलं १२ सिलिंडरचं इंजिन फेटन आणि बेंटली कॉन्टिनेन्टल जीटीत गेलं.

आता "का सोडतात". चाकणला सहा वर्षं मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रोटो विभागात होतो. तिथे जे शिकलो ते हे, की धावणारी गाडी बनवणं हा सोपा भाग असतो. प्रोटोचा पत्रा मऊ धातूच्या स्वस्त डायवर, म्हणजे साच्यावर, काढतात, बाकी हाताने ठोकून बसवतात. पन्नास नग निघाले की डाय संपला तरी चालतो. विक्रीच्या गाडीसाठी तोच पत्रा कडक पोलादी डायवर लाखो वेळा तसाच निघायला हवा. त्या डायचा खर्च गाड्यांच्या संख्येने भागला जातो. दोन लाख गाड्यांत तो मुरतो, दोनशेंत एकेका गाडीच्या मानगुटीवर बसतो. त्यात क्रॅश टेस्टला आख्ख्या गाड्या फोडायच्या, धुराचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि पुढची कित्येक वर्षं स्पेअर पुरवायचे. धुराच्या नियमांच्या बीएस-४ टप्प्यावरून बीएस-६ वर जायची तारीख, १ एप्रिल २०२०, जवळ आली तेव्हा आमच्याकडचं एका ब्रॅकेटचं, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या आधाराचं, काम असंच थांबलं. आम्ही अकरा महिने त्या ब्रॅकेटवर खपलो होतो. एका शनिवारी मेल आला आणि सोमवारी ट्रे भंगाराकडे गेले. मी एक नग मागून घेतला, तो अजून माझ्या टेबलावर आहे. त्या ब्रॅकेटची वेल्डिंगची पद्धत मात्र आम्ही पुढच्याच ऑर्डरमध्ये वापरली आणि तिथे तडे जाणं थांबलं.

वाया हा शब्द मला म्हणून पटत नाही.

ट्रॅक्स बाबांनी विकली, पण तिचं जुनं इंजिन वर्कशॉपात स्टँडवर ठेवलंय. आयटीआयची पोरं त्यावर हात बसवतात. सी-१११ ची गोष्ट मी बाबांना तिथेच सांगितली. नार्दो, ६० तास, २५२ चा वेग, सगळं. ते मधे काही बोलले नाहीत. मग इंजिनाच्या पुढून मागे बोटाने एकेक सिलिंडर मोजत गेले, चौथ्यापाशी थांबले आणि विचारलं, "पाचवं बसवलं तर क्रँकला बेअरिंग किती लावले मंग?"

सहा, मी म्हणालो. आपल्याला पाच आहेत.