वाचकांचे प्रश्न : पिल्ले टरफलातच का मेली?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी यंदा आषाढात मी पहिल्यांदाच पंखा असलेल्या थर्माकोलच्या उबवणी पेटीत 30 गावरान अंडी बसवली. सोबतच्या पत्रकाप्रमाणे पहिल्या दिवसापासून तळाच्या दोन्ही पन्हळी पाण्याने भरून ठेवल्या आणि पेटीवर 37.5 अंश तापमान लावले. सातव्या दिवशी 5 अंडी वांझ निघाली. उरलेल्या 25 पैकी 11 पिल्ले बाहेर आली, तीही 22 व्या दिवसाच्या संध्याकाळपासून 23 व्या दिवसापर्यंत, आणि बरीचशी चिकट व पोट फुगलेली. चोच मारून अडकलेली 3 पिल्ले मी नखाने टरफल सोलून काढली, पण ती मेली. बाकीच्या 11 अंड्यांत पूर्ण वाढलेली मेलेली पिल्ले सापडली. माझे काय चुकले? शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात दोन-तीन तास लाईट जाते, तेव्हा काय करावे? – एक वाचक, खानापूर

उत्तर : 30 मध्ये 5 अंडी वांझ निघणे यात पेटीचा काही दोष नाही. खरा प्रश्न त्या 11 अंड्यांचा आहे. पूर्ण वाढ होऊन टरफलात मेलेले पिल्लू बहुधा ओलाव्याची चूक सांगते, आणि आपल्या बाबतीत ओलावा कमी नव्हे, जास्त झाला असावा. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. 18 दिवसांत अंड्यातले पाणी हळूहळू उडून ती मोठी व्हावी लागते, कारण पिल्लू आपला पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. अंड्याचे वजन या काळात साधारण 12 ते 13 टक्के उतरले पाहिजे. वांझ सोडून आपली 25 अंडी बसवताना 1,125 ग्रॅम भरली असती, तर 18 व्या दिवशी ती 985 ग्रॅमच्या आसपास यायला हवी होती. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर एवढे सहज कळते. पाणी उडालेच नाही तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगून आत वळू शकत नाही. चिकट पिल्ले आणि फुगलेली पोटे हीच खूण आहे.

पत्रक लिहिणाऱ्याने खानापूरचा पाऊस पाहिलेला नसावा. बाहेर 24 अंशांवर हवा पूर्ण दमट असली, तरी तीच हवा पेटीत 37.5 अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास येते, आणि अंड्यांतून सुटणारी वाफ त्यात भर घालते. पहिल्या 18 दिवसांना 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता पुरते, म्हणून आषाढ-श्रावणात आपल्याकडे पन्हळी कोरड्या ठेवूनही चालते. मात्र आर्द्रतामापक आधी तपासून घ्यावा : बाटलीच्या झाकणात मीठ किंचित भिजवून ते आणि मापक एका घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे; सकाळी काटा 75 वर असला पाहिजे. जितका फरक दिसेल तितका पुढे ध्यानात धरावा.

उशीर होण्याचे कारण वेगळे असावे. कोंबडीची अंडी 21 दिवसांत उबतात. दीड-दोन दिवसांचा उशीर अंड्यांजवळचे तापमान कमी असल्याचे दाखवतो. बल्बजवळ लटकलेला सेन्सर 37.5 दाखवत असताना कोपऱ्यातली अंडी 36.5 अंशांवर असू शकतात. तापाचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून पाहा, तो 99.5 फॅरनहाइट दाखवला पाहिजे. पंखा नसलेल्या पेटीत मात्र अंड्यांच्या वरच्या टोकापाशी 38.5 अंशांच्या आसपास ठेवतात.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे (तोवर चालू असलेले उलटसुलट करणे) थांबवून पाणी भरावे, आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यावी आणि झाकण बंद ते बंदच ठेवावे. हा नियम सगळेच मोडतात, कारण आतून चिवचिव ऐकू येऊ लागते. झाकण उघडताच वाफ निघून जाते, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. पहिली भेग दिसल्यापासून बाहेर पडायला 12 ते 24 तास लागणे स्वाभाविक आहे. या वेळात पिवळा बलक पोटात ओढला जातो आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या मिटतात. नखाने सोलताना त्या वाहिन्याच फुटल्या असाव्यात. बाहेर आलेले पिल्लू बलकाच्या बळावर 24 ते 48 तास दाण्या-पाण्याविना राहते, त्यामुळे घाईचे कारण नसते.

लाईट गेल्यावर झाकण न उघडता पेटीभोवती गोधडी गुंडाळावी, पण हवेची भोके उघडी ठेवावीत. सुरुवातीच्या दिवसांत दोन-तीन तासांच्या थंडाव्याने अंडी मरत नाहीत. शेवटच्या आठवड्यात पिल्ले स्वतःच ऊब देतात, तेव्हा गुदमरण्याचा धोका अधिक.

प्रश्न : दुकानात मिळणारी पांढरी अंडी पेटीत बसवता येतील का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. ही अंडी येतात त्या फार्मवर कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ती फलित नसतात. ज्या घरी 8-10 कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे तिथून 7 दिवसांच्या आतली, न धुतलेली अंडी घ्यावीत. चैत्र-वैशाखात निपाणीची हवा कोरडी असते, त्या दिवसांत अंडी बसवली तर खानापूरला वर दिलेला कोरड्या पन्हळींचा सल्ला आपल्याला लागू नाही. पन्हळीत पाणी पहिल्या दिवसापासून हवे.