भोंगा वाजला की लोक गॅलरीत का येतात?

वादळ, अतिवृष्टी आणि विजा यांच्या इशाऱ्यांबद्दल या महिन्यात इतकी पत्रे आली की हे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पूर्वसूचनेच्या कामाशी अनेक वर्षे संबंध आल्याने या पत्रांतील तक्रारी माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांतील बहुतेक रास्त आहेत, हे आधीच सांगतो.

प्रश्न : आमच्या भागात वादळाचा इशारा देणारा भोंगा बसवला आहे. मागच्या वेळी तो वाजला तेव्हा मी दारे-खिडक्या लावून झोपले होते, मला काहीच ऐकू आले नाही. शेजाऱ्यांना ऐकू आला, पण सुरक्षित जागी जाण्याऐवजी ते गॅलरीत येऊन आभाळाकडे पाहत उभे राहिले. मग या यंत्रणेचा उपयोग काय?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उघड्यावर बसवलेला भोंगा मुळात उघड्यावर असलेल्या माणसांसाठी असतो. मैदानात खेळणारी मुले, रस्त्यावर किंवा शेतात काम करणारी माणसे यांना आडोसा गाठण्याची सूचना मिळावी, एवढाच त्याचा हेतू असतो. बंद खिडक्या, पंख्याची घरघर आणि छपरावर आदळणारा पाऊस यांतून तो झोपलेल्या माणसाला जागे करील, अशी अपेक्षा तो बसवणाऱ्यांनीही ठेवलेली नसते. दुर्दैव असे की ही गोष्ट रहिवाशांना कोणी सांगत नाही, आणि भोंगा आहे म्हणजे आपल्याला जाग येईलच, या भरवशावर लोक निर्धास्त झोपतात. तुम्हाला भोंगा ऐकू आला नाही यात यंत्राचा बिघाड नाही, परंतु घरातल्या माणसांसाठी दुसरी कोणतीही सोय केलेली नसेल तर तो यंत्रणेचा मोठा दोष आहे.

गॅलरीत आलेल्या शेजाऱ्यांना मात्र मी दोष देणार नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरावर २२ मे २०११ रोजी अतितीव्र टॉर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत गरगरणारा वाऱ्याचा भोवरा, आदळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादळ शहरात शिरण्यापूर्वी भोंगे वाजले होते. तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने नंतर वाचलेल्या लोकांशी बोलून अहवाल तयार केला, तेव्हा असे आढळले की पहिल्या इशाऱ्याबरोबर बहुतेकांनी लगेच आडोसा गाठला नव्हता. कोणी आधी टीव्ही लावला, कोणी बाहेर येऊन आभाळ पाहिले, आणि दुसरीकडून तीच गोष्ट कळल्यावरच त्यांचे पाय हलले. त्या भागात भोंगे वरचेवर वाजत असल्यामुळे त्यांचे फारसे काही वाटेनासे झाले होते, हेही त्या अहवालात आले आहे. एकाच खुणेवर विश्वास ठेवून घर सोडायचे नाही, आधी खातरजमा करायची, हा माणसाचा स्वभाव आहे, आणि एरवीच्या व्यवहारात आपण त्याला शहाणपणच म्हणतो. म्हणून चांगली यंत्रणा या स्वभावाशी भांडत बसत नाही, तर खातरजमेला लागणारा वेळ कमी करते. भोंगा, मोबाइल, रेडिओ आणि दारावर येणारा ओळखीचा माणूस या सर्वांनी त्याच पाच-दहा मिनिटांत तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगितली, तर गॅलरीत आलेला माणूस तिथे फार वेळ थांबत नाही.

प्रश्न : इशाऱ्याचा संदेश माझ्या मोबाइलवर पाऊस सुरू झाल्यानंतर तासाभराने आला. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या कुटुंबाला तो आधीच मिळाला होता. असे का होते?

उत्तर : तुम्हाला बहुधा साधा एसएमएस आला असावा आणि शेजाऱ्यांना सेल ब्रॉडकास्ट पद्धतीचा इशारा. एसएमएस एकेका क्रमांकाला स्वतंत्रपणे पाठवला जातो. लाखो संदेश एकाच वेळी निघाले आणि त्याच वेळी सगळे जण एकमेकांना फोन करू लागले, तर जाळ्यावर ताण येऊन ते रांगेत अडकतात. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टप्प्यातील सर्व मोबाइलना एकाच वेळी हाक देतो. त्याला कोणाचा क्रमांक लागत नाही, गर्दीचा अडथळा होत नाही, आणि परगावाहून आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलवरही तो मोठ्या, वेगळ्या आवाजात वाजतो. अर्थात त्यासाठी मोबाइलमध्ये ती सोय असावी लागते आणि ती सुरू असावी लागते. पुष्कळ जण एखाद्या चाचणीच्या कर्कश आवाजाने वैतागून सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करतात आणि विसरून जातात. आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा तेवढे पाहून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

परंतु उशिराचे खरे कारण पुष्कळदा तंत्रात नसते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता, तरी लोकांचे मोबाइल वाजले ते रात्री आठनंतर, आणि तोवर कित्येक गावांच्या रस्त्यांवरून पुराचे पाणी वाहत होते. त्या पुरात दोनशेहून अधिक बळी गेले. सेल ब्रॉडकास्टची यंत्रणा तिथे होती आणि ती चालतही होती. संदेश पाठवण्याचा निर्णय व्हायला दिवस गेला. जर्मनीत जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा त्या देशात सेल ब्रॉडकास्ट सुरूच झाले नव्हते. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाले. मात्र पुराचा धोका तज्ज्ञांना काही दिवस आधी दिसू लागला होता. या दोन्ही घटनांकडे पाहिल्यावर आपल्या भागाविषयी विचारायचा पहिला प्रश्न कोणता, हे स्पष्ट होते : इशारा पाठवण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, तो माणूस रात्री दोन वाजता जागा असतो का, आणि वरिष्ठांची परवानगी न घेता त्याला बटण दाबता येते का? मोबाइलचा प्रश्न त्यानंतर येतो.

आणखी एक गोष्ट. वादळात वीज जाते आणि थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही संपते. म्हणून ज्या यंत्रणेचा सारा भार मोबाइलवर आहे, ती ऐन वेळी मुकी होऊ शकते.

प्रश्न : दर थोड्या दिवसांनी इशारा येतो आणि काहीच होत नाही. ‘लांडगा आला रे आला’ अशी गत झाली आहे. अंदाज इतके चुकत असतील तर ते देतात तरी कशाला?

उत्तर : तुमचा राग मला समजतो. अमेरिकेत टॉर्नेडोच्या इशाऱ्यांपैकी ढोबळमानाने चारांतले तीन खोटे ठरतात, आणि तो देश या कामात जगात अग्रेसर मानला जातो. याचे एक कारण रडारच्या नजरेत आहे. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि जमीन मात्र वक्र आहे, त्यामुळे शंभर किलोमीटर अंतरावर सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरून जातो. ढगात वारा गरगरतो आहे हे त्याला दिसते, पण तो भोवरा जमिनीला टेकेल की नाही, हे दिसत नाही. इशारा देणाऱ्याला त्या अर्धवट चित्रावरच काही मिनिटांत ठरवावे लागते. खोटे इशारे कमी करायचे म्हणून तो थांबला, तर काही खरी वादळे इशाऱ्याविनाच लोकांवर कोसळतील.

तरीही लोकांच्या विश्वासाची झीज होते हे खरे आहे आणि ती थांबवण्याचे उपाय आहेत. पूर्वी अमेरिकेत संपूर्ण काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, इशारा दिला जाई. २००७ पासून वादळाच्या मार्गापुरता नकाशावर बहुभुज आखून तेवढ्याच क्षेत्राला तो देतात, त्यामुळे चाळीस किलोमीटर दूर राहणाऱ्याला उगाच धावपळ करावी लागत नाही. दुसरा उपाय त्याहून स्वस्त आहे, पण फार थोड्या ठिकाणी केला जातो. इशारा फुकट गेला की दुसऱ्या दिवशी काय झाले ते मोकळेपणाने सांगायचे. वादळ पाच किलोमीटर उत्तरेकडून गेले, तिथे झाडे पडली, आपण वाचलो, एवढे जरी सांगितले तरी लोकांच्या मनात तो इशारा ‘खोटा’ न राहता ‘थोडक्यात चुकलेला’ ठरतो. ज्या कार्यालयांनी हे टाळले, त्यांनी स्वतःच्या हाताने आपली पत घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ‘काही ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता. नागरिकांनी सतर्क राहावे.’ असा संदेश आला. मी सतर्क राहिलो, म्हणजे नक्की काय केले असते?

उत्तर : हा प्रश्न सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला. त्या संदेशात ठिकाण नाही, वेळ नाही आणि कृतीही नाही. तो पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते आणि वाचणाऱ्याची चिंता तेवढी वाढते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपाइन्सवर हैयान हे चक्रीवादळ आले. इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ हे इंग्रजी शब्द होते. वाऱ्याने समुद्र उचलून किनाऱ्यावर आणला जाईल, असा त्यांचा अर्थ, पण टॅक्लोबान शहरातल्या असंख्य लोकांना तो लागला नाही. त्सुनामीसारखी लाट येणार असे सांगितले असते तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. त्या वादळाने सहा हजारांहून अधिक जीव घेतले. जपानमध्ये स्थलांतराचा ‘सल्ला’ आणि स्थलांतराची ‘सूचना’ अशा दोन पायऱ्या होत्या. दोन्हींचा अर्थ निघा असाच होता, पण पुष्कळ लोक पहिल्या पायरीवर दुसरीची वाट पाहत घरातच थांबत. अखेर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने ‘सल्ला’ काढून टाकला आणि एकच पायरी ठेवली. एक शब्द रद्द करण्यासाठी कायदा बदलावा लागला, एवढे त्या शब्दाचे वजन होते.

तुमच्या संदेशाऐवजी असा संदेश यायला हवा होता : ‘नदीचे पाणी रात्री नऊपर्यंत पुलाला लागेल. नदीकाठच्या खालच्या गल्ल्यांतील सर्वांनी आठच्या आत टेकडीवरच्या शाळेत जावे. पुलावरून जाऊ नये. पुढची सूचना साडेआठ वाजता.’ यात एकही तांत्रिक शब्द नाही. कोणाला, कुठे आणि किती वाजेपर्यंत जायचे ते यात आहे, आणि पुढची सूचना कधी येईल हे सांगितल्यामुळे माणूस अफवांच्या मागे लागत नाही. मात्र असा संदेश लिहिण्यासाठी पाणी किती चढले की कोणती गल्ली बुडते, याची नोंद आधीच तयार असावी लागते. ती पावसाळ्यापूर्वी केलेली नसेल, तर ऐन वेळी ‘सतर्क राहावे’ यापलीकडे लिहिण्यासारखे हाती काहीच नसते.

प्रश्न : माझ्या वडिलांना ऐकू येत नाही आणि मी कामासाठी बाहेर असतो. त्यांच्यासाठी काय सोय असते?

उत्तर : इशाऱ्याबरोबर जोरात लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली ठेवायचे थरथरणारे उपकरण यांची जोड देता येते. तरीही शेजारच्या एका माणसाशी आजच बोलून ठेवा आणि त्याच्याकडे घराची किल्ली द्या. अंधारात खांद्यावर पडलेला हात या सर्वांहून लवकर काम करतो.

प्रश्न : आमची स्थानिक यंत्रणा चांगली आहे की नाही, हे आम्ही सामान्य रहिवाशांनी कसे तपासावे?

उत्तर : भोंगे किती आणि संदेश किती गेले, हे आकडे कार्यालय सांगेल, पण त्यांवरून फारसे कळत नाही. किती माणसे वेळेत हलली, ते मोजायला हवे. याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण बांगलादेशाचे आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख लोक मरण पावले. १९७२ मध्ये तिथे चक्रीवादळ सज्जतेचा कार्यक्रम सुरू झाला, आणि आज त्यात सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. इशाऱ्याची पातळी वाढेल तशी ते बावट्यांची संख्या वाढवतात, ध्वनिवर्धक घेऊन वस्तीत फिरतात आणि ज्या घरातून कोणी निघाले नाही त्या घरात शिरून विचारतात. स्वयंसेवकांत आता सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत, कारण अनोळखी पुरुषाच्या हाकेवर घराबाहेर न पडणाऱ्या बाया ओळखीच्या बाईच्या हाकेवर निघतात. २००७ मधील सिद्र या भीषण वादळात मृतांची संख्या सुमारे ३,४०० होती. यात पक्क्या निवाऱ्यांचा आणि सुधारलेल्या अंदाजांचाही मोठा वाटा आहे, पण निवाऱ्यापर्यंत माणूस पोहोचवला तो या हाका मारणाऱ्यांनी.

तुमच्याकडे पुढची चाचणी होईल तेव्हा दहा-बारा जणांनी वेगवेगळ्या गल्ल्यांत, काहींनी घरात दार लावून, बसावे आणि आपल्याला इशारा पहिल्यांदा किती वाजता, कोणत्या मार्गाने कळला आणि त्यातून काय करायचे ते समजले का, एवढे कागदावर लिहावे. शक्य असेल तर रात्रीची चाचणी मागून घ्या, कारण दिवसा नीट चालणारी यंत्रणा रात्री कशी वागते ते दिवसाच्या चाचणीत कळत नाही. मग हे कागद एकत्र करून संबंधित कार्यालयाला द्या. ‘यंत्रणा निकामी आहे’ असे लिहिलेला अर्ज फाइलमध्ये जातो, पण ‘तळ्यामागच्या तीन गल्ल्यांत भोंगा ऐकू आला नाही आणि चौदा घरांना संदेश वीस मिनिटे उशिरा मिळाला’ असे लिहिले, तर त्या गल्ल्यांत नवा भोंगा कुठे बसवायचा, हे पाहायला कोणाला तरी यावेच लागते.