किटच्या विमानाला ड्रिल करताना पत्रा आणि रिबची भोकं जुळत का नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: टेक्सासमध्ये गॅरेजात ॲल्युमिनियमचं किट-विमान बांधताय, शेपटीचा पत्रा आणि आतली रिब (पत्र्याला आकार देणारी धातूची बरगडी) यांची भोकं जुळत नाहीत, काही लांबट होतात, तशाच भोकात 1/8 इंची रिव्हेट (दोन पत्रे कायमचे जोडणारा धातूचा खिळा) मारला तर चालेल का?

नाही, तसाच मारू नका. ठोकल्यावर रिव्हेटचा दांडा फुगून भोक भरून टाकतो, त्याची पकड त्यावरच असते. लांबट भोकात एका बाजूला पोकळी राहते. मग जोड उडताना हलतो आणि पुढे कधीतरी रिव्हेटच्या डोक्याभोवती काळी भुकटी दिसायला लागते.

मीही पत्र्याचंच विमान बांधतोय आणि माझं ठाम मत आहे की खरं काम ड्रिल हातात घेण्याआधी होतं. रिबच्या दुमडलेल्या काठावर मधोमध मार्करने रेष काढा. पेन्सिल नको, शिशातल्या ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. पत्रा वर ठेवून त्याच्या भोकातून बघा. रेष भोकाच्या बरोबर मध्ये दिसेपर्यंत रिब सरकवा, लागलं तर थोडी वाकवून सरळ करा. मग भोकाच्या मध्यापासून काठापर्यंतचं अंतर मोजा. ते रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट हवं, म्हणजे तुमच्या रिव्हेटला 1/4 इंच. तेवढं मिळत नसेल तर तिथे भोक पाडायचं नाही, आधी किट बनवणाऱ्यांना विचारायचं.

आता क्लेको, म्हणजे भोकात घालून दोन पत्रे तात्पुरते घट्ट धरणारी स्प्रिंगची पिन. शिवताना आधी धावदोरा घालतात, तसंच हे. तिच्या रंगावरून माप कळतं. पहिलं भोक पत्र्याच्या भोकातून रिबमध्ये 40 नंबरच्या बिटने पाडा आणि लगेच त्यात चंदेरी क्लेको घाला. सुरुवात मधून करा आणि दोन्ही टोकांकडे सरका, नाहीतर पत्र्याला मध्ये फुगवटा येतो आणि पुढची सगळी भोकं सरकतात. सगळं पक्कं बसलं की एकेक क्लेको काढून तिथलं भोक 30 नंबरने (नंबर लहान तसं बिट जाड) मोठं करायचं आणि तांब्याच्या रंगाचा क्लेको लावायचा. दोन पत्रे वेगवेगळे ड्रिल करून नंतर जुळवायला गेलात तर ते जुळणार नाहीतच.

भोक लांबट होतं ते ड्रिल कलल्यामुळे, नाहीतर बिटची धार गेल्यामुळे. बोथट बिट दाबावं लागतं, दाबलं की ते भरकटतं. बिट स्वस्त असतात, सढळ हाताने बदला. मागे लाकडाचा ठोकळा धरा आणि हाताला सवय होईपर्यंत छोटा गुण्या शेजारी उभा ठेवून ड्रिल सरळ आहे का ते बघत राहा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: सगळं परत सुटं करायचं. दोन पत्र्यांमध्ये अडकलेला धातूचा कीस काढायचा आणि प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर (ड्रिलने कडेला उभी राहिलेली धारदार किनार) काढायची. खूप खोल नाही, एक-दोन हलके वेढे पुरतात. भोकाच्या कडेवरची बारीकशी खाच म्हणजे तडा सुरू होण्याची जागा. 2023 मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट या किट-विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या किटमधल्या लेझरने कापलेल्या भागांचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. लेझर भोकाला जिथे सुरुवात करतो तिथे छोटी खाच राहत होती आणि डिंपल करताना (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवतीचा पत्रा दाबून खळगा करताना) काही भोकांना तिथून तडे गेले. त्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी-संरक्षणाचा अर्ज केला, त्यामागे या भागांचा खर्चही होता.

डोकं पत्र्याशी सपाट बसणारे रिव्हेट असतील तर पातळ पत्रा काउंटरसिंक करू नका (म्हणजे भोकाची कड तिरपी कापून खळगा करू नका), डिंपल करा. काउंटरसिंक पत्र्याच्या पूर्ण जाडीतून गेलं की भोकाची कड सुरीसारखी होते. 28 एप्रिल 1988 ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या 737 चं छत हवेत उडालं, त्या जोडातले तडे अशाच रिव्हेटच्या भोकांपासून वाढले होते. ते विमान हजारो उड्डाणं झालेलं होतं आणि आपलं तेवढं उडणार नाही, हे खरं. पण धातूचा नियम तोच.

बिघडलेल्या भोकांचं काय? काठापासून अंतर पुरत असेल तर एक माप वरचा, 5/32 इंची रिव्हेट घालता येतो. भोक 21 नंबरचं आणि क्लेको काळा. जाड दांडा पण लहान डोकं असलेले रिव्हेटही मिळतात, बांधणारे त्यांना ‘ऊप्स रिव्हेट’च म्हणतात. सलग दोन-तीन भोकं बिघडली असतील तर मात्र रिब नवीन मागवा. शेपटीची एक रिब फार महाग नसते.

आणि पंख जिथे धडाला जोडतात त्या स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) बोल्टच्या भोकांना सध्या हात लावू नका. ती किटमध्ये पूर्ण मापाची आली नसतील तर थोडी लहान ठेवून शेवटी रीमरने (भोक अचूक मापाला घासून आणणाऱ्या हत्याराने) मापाला आणायची असतात. त्या दिवशी तुमच्या भागातल्या ईएएच्या (घरी विमान बांधणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या) टेक्निकल काउन्सेलरला बोलवा. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत आणि बहुतेकांनी स्वतः विमान बांधलेलं असतं. खरं तर या शेपटीसाठीसुद्धा त्यांना आत्ताच एकदा बोलवा, पत्रा कायमचा बंद व्हायच्या आधी.