गावाच्या नावाने शोधलंत तर "नोंद नाही" हेच उत्तर मिळेल

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या तुमच्या छोट्या गावाच्या हॉलसाठी इतिहासाचे फलक करायला घेतलेत आणि एका कार्यालयाने "या गावाची फाइलच नाही" असं सांगून वाटेला लावलं, असं तुम्ही लिहिलंय. हे उत्तर माझ्या चांगलंच ओळखीचं आहे, वर शोधशुल्कही परत मिळत नाही. फाइल असते हो! समोरचा माणूस गावाचं नाव टाकतो, शून्य येतं, विषय संपतो. "जमिनीचा नंबर आहे का?" एवढं विचारायला काय जातं, कोण जाणे.

अर्ज, ओळखपत्र वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. मुद्दा असा की होमस्टेडच्या, म्हणजे सरकारने वसाहतदारांना कसायला दिलेल्या जमिनींच्या, फायली गावावर लावलेल्याच नाहीत, मोजणीवर लावल्या आहेत. सातबारा काढायला गट नंबर लागतो, तसंच. टाउनशिप म्हणजे 6 मैल बाय 6 मैलांचा चौकोन. त्यात 640 एकरांचे 36 सेक्शन आणि प्रत्येक सेक्शनचे 160 एकरांचे चार क्वार्टर. सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे 6 पर्यंत जातात, वरच्या ओळीत 7 ते 12 उलटे पूर्वेकडे येतात आणि असे नागमोडी चढत 36 ईशान्य कोपऱ्यात संपतो. टाउनशिप 49 अक्षांशापासून उत्तरेकडे मोजायच्या, रेंज, म्हणजे टाउनशिपचे उभे पट्टे, मेरिडियनपासून (मोजणीसाठी ठरवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून) पश्चिमेकडे.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. समजा जागा आहे एनई 14-24-8, दुसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला. यात एनई म्हणजे ईशान्येचा क्वार्टर, 14 सेक्शन, 24 टाउनशिप, 8 रेंज. कुणी घाईत 8-24 लिहिलं की तुम्ही 96 मैल दक्षिणेला आणि 96 मैल पश्चिमेला जाऊन पडता. वाईट म्हणजे तिथेही खरीखुरी जमीन असते, खरीखुरी फाइल निघते, आणि भलत्याच कुटुंबाचा इतिहास तुमच्या फलकावर चढतो. मेरिडियन लिहायचा राहिला तर तिसऱ्या मेरिडियनचा तोच आकडा निघतो, म्हणजे साधारण पावणेदोनशे मैल दूर. रूरल म्युनिसिपालिटीचाही (गावांबाहेरच्या भागाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचाही) नंबर असतो, तो टाउनशिपचा नंबर नव्हे. तो या जागी घालू नका.

सेक्शनचा आकडा पाहिला की कुठे जायचं ते कळतं. सम आकडे बहुतेक होमस्टेडचे. विषम आकडे सुरुवातीला रेल्वेच्या अनुदानासाठी राखीव होते, 1908 नंतर उरलेले खुले झाले. 11 आणि 29 शाळांसाठी. 8 आणि 26 चा बराचसा भाग हडसन्स बे कंपनीचा, त्यांची कागदपत्रं विनिपेगला आहेत. खुद्द गावठाणातली घरं-दुकानं मात्र लॉट, ब्लॉक आणि प्लॅन नंबरवर चालतात, तिथे क्वार्टरचा फारसा उपयोग नाही.

होमस्टेडची फाइल मिळाली की पूर्ण वाचा. 10 डॉलर भरून जमीन घेतली, पण हक्काचा कागद हवा तर शपथेवर सांगावं लागे: कोणत्या वर्षी किती एकर मोडली, पेरणी किती, घर केवढं, गुरं किती, घरात माणसं किती. शेजाऱ्यांच्या साक्षीही जोडलेल्या असतात. सोडून गेलेल्यांच्या रद्द नोंदीही पाहा, त्या कुठल्याच पुस्तकात येत नाहीत.

गावाच्या नावाबद्दल एक. स्टेशनचं नाव रेल्वेने ठेवलेलं असतं. ग्रँड ट्रंक पॅसिफिकने तर ओळीने इंग्रजी मुळाक्षरंच लावली: फेनवुड, गुडीव, हबर्ड, इटूना, जास्मिन, केलिहर. आधीच्या पोस्टाचं आणि शाळा-डिस्ट्रिक्टचं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा तिन्ही नावं शोधा. गाव विसर्जित होऊन म्युनिसिपालिटीत विलीन झालं असेल, तर सभांची वहीखाती आणि करपत्रकं आधी म्युनिसिपालिटीच्या कार्यालयात विचारा.

प्रांताच्या 1955 आणि 1980 च्या वर्धापनांच्या सुमारास निघालेली स्थानिक इतिहासाची जाडजूड पुस्तकं जरूर वापरा, पण ती घरोघरच्यांनी स्वतः लिहिलेली आहेत. 1906, 1916 आणि 1926 च्या प्रेअरी प्रांतांच्या जनगणनेशी तारखा ताडून घ्या. माझं मत कडक वाटेल, पण मूळ रहिवाशांशी झालेल्या 1874 च्या चौथ्या तहाआधी तिथे कोणी नव्हतंच अशा थाटात बरीच पुस्तकं सुरू होतात, आणि मेन स्ट्रीटवर कॅफे चालवणाऱ्या चिनी माणसाचं पूर्ण नावही देत नाहीत. तो एकटा का राहायचा? 1923 ते 1947 चिनी लोकांना बायकामुलं आणायला कायद्यानेच बंदी होती. फलकावर हे यायला हवं.

फोटोंसाठी शरदातला फाउल सपर, म्हणजे गावजेवण, गाठा. म्हातारी मंडळी तिथे हमखास येतात. नाव नसलेल्या फोटोंच्या झेरॉक्स गोडाच्या टेबलाशेजारी मांडा आणि पेन्सिली ठेवा. मूळ फोटो तिथे नेऊ नका, ते घरीच 600 डीपीआयवर स्कॅन करा. मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने. होममेकर्स क्लब (बायकांचं मंडळ) आणि कर्लिंग रिंक (बर्फावरच्या खेळाचं मैदान) यांच्या वह्या बहुधा कुणाच्या तरी तळघरात असतात, तेही तिथेच विचारा.

मी काही अभिलेखतज्ज्ञ नाही, शुल्क आणि नियम बदलतात, तेवढे ताजे बघून घ्या. मॅनिटोबात नदीकाठच्या लांबट पट्ट्यांची मोजणी वेगळी, त्या पट्ट्यांना हे सगळं लागू नाही. क्वार्टरचा पूर्ण नंबर मेरिडियनसकट इथे टाका, कुठे अर्ज करायचा ते सांगतो.