तो कुत्रा असतो कुठे?

प्रिय मुली,

काल रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना दोनदा वाचला. कॉलेजच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसूनच लिहिलास ना? संध्याकाळचा वर्ग संपलाय, बोटांना मार्करची शाई लागलीय आणि घरी जावंसं वाटत नाही, ती वेळ मला चांगली ओळखीची आहे. जावा भाषेतल्या प्रोग्रामिंगच्या वर्गातले ३४ पैकी १९ जण मिडटर्ममध्ये नापास, सहा जण यायचेच बंद. आणि तू विचारतेस, "काकू, जावा सोडून पायथन घेऊ का? पेपर सोपा काढू का? की मलाच शिकवता येत नाही?"

जावा ठेव. पेपर सोपा करू नकोस. तिसऱ्या प्रश्नाला आत्ता वेळ नाही, गुरुवारी तुझा पुढचा तास आहे.

तू पाठवलेला पेपर पाहिला. पहिला प्रश्न इनहेरिटन्सची, म्हणजे एका प्रकाराने दुसऱ्याचे गुण वारशाने घेण्याची व्याख्या, दुसरा पॉलिमॉर्फिझमचे, म्हणजे एकाच हाकेला निरनिराळ्या वस्तूंनी आपापल्या परीने उत्तर देण्याचे फायदे. सातव्या आठवड्यात! अगं, या मुलांना अजून एक ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत खरोखर बनलेली एक वस्तू, धड दिसलेला नाही आणि तू त्यांना त्याची वंशावळ विचारतेस. चित्र काढून घे. प्रत्येक तासाला, प्रत्येकाकडून, कागदावर, पेन्सिलीने. कीबोर्डला हात लावायच्या आधी. डावीकडे व्हेरिएबलचं नाव आणि छोटी चौकट, उजवीकडे ऑब्जेक्टची मोठी चौकट, मध्ये बाण. एवढंच. हे मी तुला मंडळाच्या गणपतीत भेटलो तेव्हाही सांगितलं होतं, तेव्हा तू हसून मान हलवलीस आणि पहिल्या दिवसापासून स्लाइड्स दाखवल्यास.

गुरुवारी एवढं करून बघ. फळ्यावर लिही: 'अ' हे नवीन बँक खातं, त्यात १०० डॉलर. पुढच्या ओळीत 'ब' ला 'अ' दे. त्याच्या पुढच्या ओळीत 'ब' मधून ४० काढ. आता विचार, 'अ' मध्ये किती? माझ्या वर्गात दर सेमिस्टरला निम्मे तरी १०० म्हणतात. ते मठ्ठ म्हणून नाही. दोनच आठवड्यांपूर्वी आपणच त्यांना शिकवलेलं असतं की साधा आकडा एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात दिला की त्याची प्रत होते, एक बदलला तरी दुसरा तसाच राहतो. इथे मात्र प्रत होते ती पत्त्याची, म्हणून उत्तर ६०. घर एकच, पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या दोन. हे तोंडी दहा वेळा सांग, माना डोलतील आणि पेपरात पुन्हा १०० येईल. एकदा बाण काढायला लाव. दोन्ही बाण एकाच चौकटीवर टेकलेले ज्याने स्वतःच्या हाताने काढलेत, तो पुन्हा चुकत नाही.

चित्र पक्कं झालं की अवघड म्हणून जे जे आपण घाबरत शिकवतो ते सुटायला लागतं. जावात इंटिजरचे दोन ऑब्जेक्ट, दोन्हीत १२७ ठेवून दोन बरोबर चिन्हांनी (==), म्हणजे चौकट एकच आहे का अशी, तुलना केली तर उत्तर खरं येतं. तेच १२८ ठेवलं तर खोटं. मुलं चक्रावतात, मग पाठ करतात. पण जावा उणे १२८ पासून १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायला देतं, हे चित्रात मांडलं की पहिल्या वेळी दोन बाण एका चौकटीवर दिसतात, दुसऱ्या वेळी दोन चौकटी दिसतात. दोन मिनिटांचं काम.

हा माझ्या डोक्यातला खुळा आग्रह आहे असं समजू नकोस. या विद्येचा जन्मच तसा झालाय. ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला घडवली, ती रांगा, यंत्रं, कारखाने यांची नक्कल संगणकावर चालवता यावी म्हणून. समोर वस्तू होत्या, त्यांच्यासाठी भाषा केली. पुढे इथेच कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत अॅलन के आणि अॅडेल गोल्डबर्ग यांनी स्मॉलटॉक ही भाषा शाळकरी मुलांना शिकवून पाहिली. गोल्डबर्गबाईंचा धडा काय होता माहितेय? पडद्यावर एक चौकोन, त्याचं नाव जो. जो, ३० वळ. तो वळतो. मग दुसरा चौकोन, जिल. जिलला सांगितलं तर जो हलत नाही. पोराला ऑब्जेक्ट दिसला, त्याला निरोप धाडता आला, दुसरा वेगळा आहे हे कळलं. व्याख्या नंतर. आणि आपण पन्नास वर्षांनी, त्याच सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठी, प्राणी-कुत्रा-मांजर अशी स्लाइड लावून सुरुवात करतो.

मीही तेच केलंय. २००९ च्या फॉल सेमिस्टरला. मंदीत नोकऱ्या गेलेली माणसं वर्गात दाटीवाटीने बसलेली. त्यात चाळिशीचा एक जण होता, गोदामात रात्रपाळी करायचा, वर्गातून थेट कामावर जायचा. फळ्यावर माझी प्राण्यांची वंशावळ. कुत्रा हा प्राणी, कुत्रा भुंकतो, वगैरे. त्याने हात वर करून विचारलं, "प्रोफेसर, पण तो कुत्रा असतो कुठे?" वर्ग हसला. मी हसले नाही, पण घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती एक कल्पना आहे, पुढे कळेल." त्याने वहीत खरोखर काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात आला, मग आला नाही. रोस्टरवर त्याच्या नावापुढे डब्ल्यू लागला, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचा प्रश्न त्या सेमिस्टरमधला सगळ्यात अचूक प्रश्न होता. कुत्रा कुठेच नव्हता! तीन आठवडे मी क्लास, म्हणजे नुसते आराखडे लिहीत होते, आराखड्यावरून ऑब्जेक्ट घडवणारं 'न्यू' एकदाही लिहिलं नव्हतं. फळ्यावर फक्त कुत्र्याचं वर्णन होतं, मेमरीत काहीही नव्हतं. तो ते बघू शकत होता, मी नाही. तेव्हा आपल्या कम्युनिटी कॉलेजात युनिटला, म्हणजे कोर्सच्या एका क्रेडिटला, २६ डॉलर फी होती, आज ४६ आहे. चार युनिटांचे १८४ डॉलर बाहेरच्याला किरकोळ वाटतात, आणि पुष्कळांना फी माफही असते. पण रात्रपाळीआधीची झोप सोडून तो माझ्यासमोर बसला होता. त्या संध्याकाळी मी त्याला परत देऊ शकत नाही.

म्हणून तू "सिलॅबस पुरा होणार नाही" म्हणतेस तेव्हा माझं डोकं तापतं. मी चित्रं सुरू केली त्या वर्षी इंटरफेस (क्लासला काय काय करता यायलाच हवं याच्या याद्या) शेवटच्या आठवड्यात कसेबसे आटोपले. एका कॉलेजात मला बोलावून सुनावलं गेलं, आणि पुढच्या स्प्रिंगला माझ्या नावावर सेक्शन नव्हता. आपण पार्टटाइमवाले, कारण विचारायची सोय नसते. तरी मी आजही म्हणते, मी बरोबर होते. कोर्स आउटलाइनमध्ये विषय लिहिलेले असतात, ते सगळे घ्यायलाच हवेत, पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होताना मुलांना ते क्रेडिट लागतं. पण कोणत्या विषयाला किती आठवडे द्यायचे ते तू ठरवायचंस. ऑब्जेक्ट आणि बाण यांना पाच आठवडे दे. इनहेरिटन्सला दोन पुरतात. ज्याला चौकटी दिसतात त्याला चौरस हा आयताचा सबक्लास, म्हणजे वारस, करून बघू दे. रुंदी बदलली की उंचीही बदलते आणि आयत म्हणून लिहिलेला कोड मोडतो, हे तो स्वतः शोधतो. त्या वर्षीच्या माझ्या वर्गातून शेवटपर्यंत टिकलेली मुलं मी मोजली होती. आकडा सांगत नाही, तुला पटवायला तो पुरा पडणार नाही. मला पुरला.

आणि चॅटबॉटचं रडगाणं मला ऐकवू नकोस. घरून आलेला कोड आता कुणाचा ते कळत नाही, मान्य. मग घरच्या कोडला मार्क कमी कर आणि वर्गात, तुझ्या डोळ्यांसमोर, त्याच कोडच्या बाराव्या ओळीवर मेमरीत काय आहे ते काढायला सांग. ज्याने समजून केलंय तो काढतो, मग मदत कुणाचीही घेतलेली असो. ज्याने नाही केलं त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बस आणि त्याच्याकडून पहिला बाण काढून घे. तू काढू नकोस. पेन्सिल त्याच्या हातात राहू दे. मला ठाऊक आहे तुझा हात शिवशिवणार, तुला सगळं पटकन करून द्यायची सवय आहे. हात मागे ठेव.

जे सहा यायचे बंद झालेत त्यांना आज मेल टाक. एकेकट्याला, नावानिशी, तीन ओळींची. डब्ल्यूची मुदत अजून गेलेली नाही, म्हणजे परत यायलाही वेळ आहे. मी त्या माणसाला मेल केली नव्हती.

गुरुवारी खात्याचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत घे, स्लाइड न लावता. कागद गोळा कर. त्यातल्या सगळ्यात चुकलेल्या तीन चित्रांचे फोटो नावं झाकून मला पाठव, कितीही वाजले तरी. मी जागी असते.

तुझी,
काकू