दहा दिवसांत पाच मिनिटांची प्रायोगिक शॉर्टफिल्म सबमिट करायची आहे. कॅमेरा कोणता घ्यावा आणि प्रयोग काय करावा?

कॅमेरा जो हाताशी असेल तो. फोन असेल तर फोन. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मी लिहायला बसले ते तुम्ही प्रश्नाखाली टाकलेल्या ओळीमुळे: 'आठ दिवस शूट करू, शेवटचे दोन दिवस एक मैत्रीण एडिट करून देईल.' कॉलेजात असताना ती करून देणारी मैत्रीण मी होते. त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

आमच्या फिल्मची कल्पना चांगली होती, ते नाकारत नाही. एक मुलगी फोनवर बोलत जिना चढत राहते आणि वरचा मजला काही येत नाही, एवढंच. पण दिग्दर्शक महाशयांचं म्हणणं असं की प्रायोगिक फिल्मला शॉटलिस्ट कशाला, मनात येईल ते टिपायचं, बाकी टेबलवर बघू. 'टेबलवर' म्हणजे माझ्या टेबलवर. साउंडचं काय करायचं विचारलं की 'मेशेस ऑफ द आफ्टरनून'चा दाखला. माया डेरेनची १९४३ ची फिल्म, मुळात मूक, तिचं काही अडलं का? बरोबर, मुळात मूकच होती. पण १९५९ मध्ये तिला तेइजी इतोचं संगीत जोडलं गेलं, आणि हा जी प्रत बघून भारावला होता तिच्यात ते संगीत वाजत होतं. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं. उपयोग शून्य.

तर डेडलाइन अगदी तोंडावर आली तेव्हा माझ्या हातात एक हार्ड डिस्क पडली. दोन वेगवेगळ्या फोनवरचं फुटेज, आवाज तिसऱ्याच रेकॉर्डरवर, एकाही टेकला टाळी नाही (म्हणजे आवाज आणि चित्र जुळवायला खूणच नाही), फाइलींना नावं नाहीत. निम्म्या शॉट्समध्ये ट्यूबलाइटचे काळे पट्टे सरकतायत. (वीज ५० हर्ट्झची असेल तर शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंदाला लॉक करा, हा त्रासच होत नाही.) हे सगळं निभावलं असतं. खरी गोची पुढे होती. लांब टेक लावला की पहिल्या वाक्याला ओठ आणि शब्द जुळायचे, तिसऱ्या मिनिटापर्यंत आवाज पुढे निघून गेलेला असायचा. फोनचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा, स्थिर नसतो. उजेड कमी झाला की फोन स्वतःच फ्रेम कमी-जास्त करतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र तो सारखाच आहे असं धरून चालतं. आधी सगळं फुटेज हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेमरेटला काढून घ्यायचं, हा उपाय मला माहीत होता. पण माझ्या लॅपटॉपवर तेवढ्यातच रात्र संपली असती.

मग मी संवाद काढून टाकले. सगळे.

उरलं काय? पावलं, लिफ्टच्या मोटरची घरघर, रेकॉर्डर बंद करायला कुणीतरी विसरलं म्हणून आलेला रिकाम्या जिन्याचा आवाज, आणि एका वळणावर त्या मुलीचं कडं लोखंडी कठड्याला लागून झालेलं 'टण्'. ते टण् मी प्रत्येक वळणावर लावलं. पहिल्या वळणावर अगदी बरोबर जागी, पुढच्या वळणावर दोन फ्रेम आधी, मग चार, मग आठ. शेवटी शेवटी ती वळणापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी कडं वाजून गेलेलं असतं. बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण अस्वस्थ व्हायला होतं. याला कारण आहे. आवाज चित्राच्या मागून आला तर आपण बराच वेळ चालवून घेतो, कारण दूरवर कुणी घण घातला तरी तो आधी दिसतो, मग ऐकू येतो. आवाज आधी आला की मात्र लगेच खटकतं. प्रसारणाच्या मानकांतही हा फरक धरलेला आहे: आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतो, मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातो. पंचवीसच्या फ्रेमरेटला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे दोन फ्रेमलाच काम झालं.

परीक्षकांनी स्क्रीनिंगनंतर एकच प्रश्न विचारला, त्या आवाजाबद्दल. आणि आमच्या दिग्दर्शकाने माइक घेऊन सांगितलं की ते पहिल्यापासून स्क्रिप्टमध्येच होतं. स्क्रिप्ट! नंतर मी भांडले तर म्हणे, एडिट म्हणजे शेवटी जोडकामच ना, विजन तर माझंच. अजूनही ज्युनिअर्सना तो हेच सांगतो असं कानावर येतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. प्रयोग म्हणजे वाट्टेल ते करणं नव्हे, एक नियम घालून घेणं आणि तो शेवटपर्यंत पाळणं. फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्करने १९६२ मध्ये 'ला जेते' ही फिल्म जवळजवळ संपूर्ण स्थिर छायाचित्रांवर उभी केली. चित्र हलतं ते फक्त एकदा, अगदी थोडा वेळ, आणि त्या हलण्याला वजन येतं ते बाकी सगळं थांबलेलं आहे म्हणून. तुम्हीही असाच एखादा नियम धरा: एकच जागा, किंवा कॅमेरा कधीच हलणार नाही, किंवा माणूस दिसेल तेव्हा त्याचा आवाज ऐकू येणार नाही. नियम ठरला की काय शूट करायचं नाही ते आपोआप ठरतं, आणि दहा दिवसांत खरी बचत तिथेच होते.

शूट चार दिवसांत आटपा. उरलेले सहा एडिट आणि साउंडचे. प्रत्येक जागी, सगळ्यांना गप्प बसवून, अर्धा मिनिट नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करा, लोक हसले तरी. माइक बोलणाऱ्याच्या जवळ न्या. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो आणि तो कुठल्याही प्लगइनने परत येत नाही. फुटेज रोजच्या रोज दोन ठिकाणी उतरवा. फायनल एक्स्पोर्ट आदल्या दिवशीच काढून वेगळ्या मशीनवर पूर्ण बघा.

हे सगळं संवाद कमी असलेल्या फिल्मला लागू. तुमचा भर संवादांवर असेल तर चार दिवसांचं गणित जमणार नाही, तालमी लागतील. स्टॉपमोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो जोडून, करणार असाल तर वरचं विसराच. सेकंदाला बारा फोटो धरले तरी पाच मिनिटांचे ३६०० होतात. आणि गाइडला आधी स्क्रिप्ट दाखवावी लागत असेल तर एक पान लिहून द्या, वाद घालू नका.

टायटल्समध्ये एडिटिंग आणि साउंड अशा दोन वेगळ्या पाट्या हव्यात, दिग्दर्शकाची पाटी जितका वेळ राहील तितकाच वेळ. हे शूटच्या आधी ग्रुपवर लिहून टाका, नंतर सगळ्यांनाच विसर पडतो. आणि त्या मैत्रिणीला नवव्या दिवशी डिस्क नेऊन देऊ नका. आजच फोन करून फ्रेमरेट किती ठेवायचा ते विचारा, आणि ती सांगेल तोच ठेवा.