स्मरणनोटेवर कोणता गोवा असावा?

प्रश्न : युरोपात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तेथील एका किल्ल्याचे चित्र असलेली शून्य युरोची नोट आणून दिली. तिचा कागद खऱ्या नोटेसारखाच लागतो. तिला चलन म्हणावे का? गोव्याचा इतिहास आणि निसर्ग दाखवणारी अशी नोट निघालीच, तर तिच्यावर काय असावे? आजोबांच्या काही पोर्तुगीजकालीन एस्कुदो नोटाही घरात आहेत. त्या कशा जपाव्यात?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्याकडील नोट चलन नाही, ती स्मरणवस्तू आहे. 2015 साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या नोटा चलनी नोटांसारख्याच सुरक्षित कागदावर छापल्या जातात. मात्र दर्शनी मूल्य शून्य असल्यामुळे त्यांनी कोणताही व्यवहार करता येत नाही, आणि त्यांची किंमत संग्राहक देईल तेवढीच. आपल्या देशात बँकनोटा काढण्याचा अधिकार कायद्याने रिझर्व्ह बँकेकडे आहे आणि चलनी नोटेशी फसवणूक होण्याइतके साम्य असलेला कागद छापणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. म्हणून गोव्याची स्मरणनोट काढणाऱ्याने आकार, रंग आणि मांडणी चालू नोटांपासून स्पष्टपणे वेगळी ठेवावी आणि तिच्यावर रुपयांतील आकडा मुळीच घालू नये.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. सध्याच्या वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळ आहे, पन्नासच्या नोटेवर हंपी आणि दोनशेच्या नोटेवर सांची. गोव्याचे स्थळ कोणत्याही नोटेवर नाही, फक्त मागील बाजूच्या भाषापट्टीत मराठीबरोबर कोकणीही आहे. पोर्तुगीज अमलात बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने 1959 साली काढलेल्या एस्कुदो नोटांवर गोवा जिंकणारा अफोंसो द आल्बुकर्क आणि दर्यावर्दी वास्को द गामा यांचे चेहरे होते, म्हणजे समुद्रावरून आलेल्या सत्तेने स्वतःचेच स्मारक आमच्या खिशात ठेवले होते. त्या नोटांच्या रकमा मात्र लोकांच्या हिशेबाची साक्ष देतात. एका रुपियाला, म्हणजे गोव्यातील आधीच्या चलनाला, सहा एस्कुदो असा दर ठरल्यामुळे 30, 60, 300 आणि 600 एस्कुदोंच्या नोटा अनुक्रमे पाच, दहा, पन्नास आणि शंभर रुपियांच्या बरोबरीच्या होत्या. चलनाचे नाव बदलले तरी बाजारातला हिशेब जुन्याच मापाने चालावा, अशीच ही सोय दिसते.

नव्या स्मरणनोटेचे प्रेरणास्थान मी त्याहून कितीतरी जुन्या पैशात शोधेन. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस त्यांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर (शिव) याच्या वरप्रसादाचा नागरी लिपीतील उल्लेख असे. त्या देवाचे दिवाडी बेटावरील मूळ मंदिर पाडले गेले, देव नदीपलीकडे नार्वे येथे आणला गेला आणि 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. राजवंश, श्रद्धा, विध्वंस आणि पुनर्बांधणी असा सारा इतिहास या एका देवस्थानात आहे, म्हणून पुढच्या बाजूस कदंबांचा सिंह आणि नार्व्याचे मंदिर असावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंनाही तेथे जागा हवी, कारण 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या त्या वास्तू आमच्याच आहेत आणि त्यांना वगळून काढलेला गोव्याचा नकाशा खोटा ठरेल.

मागील बाजूस समुद्रकिनारा नको. तो प्रत्येक जाहिरातीत असतोच. तेथे खाजन शेती दाखवावी. भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशीच्या, म्हणजे बांधातील झडपेच्या, दारांतून पाण्याची ये-जा राखून, त्याच जमिनीत खारेपणा सोसणारे कोरगूट भात आणि मासळी घेणारी ही व्यवस्था गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि गोव्याचा सखल भाग तिच्यामुळेच शेतीचा झाला. दूधसागर पार्श्वभूमीला शोभेल. तारखा दोनच पुरेशा आहेत : 19 डिसेंबर 1961 आणि 30 मे 1987, म्हणजे मुक्ती आणि घटकराज्य.

आजोबांच्या एस्कुदो नोटा धुऊ नयेत, इस्त्री करू नये आणि चिकटपट्टीने जोडू नयेत, कारण अशा दुरुस्तीने संग्राहकांच्या लेखी त्यांचे मोल घटते. लॅमिनेशन तर कधीच करू नये. पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या पारदर्शक पाकिटात प्रत्येक नोट सपाट ठेवावी. आमच्या पावसाळ्यातील दमटपणाने कागदाला बुरशी लागते, म्हणून पाकिटे बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून त्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात.